मंडईचं आवतन

माझा सोमाजी मामा खोटं बोलला की त्याचा डावा कान लाल होतो. लहानपणी पत्ते खेळताना आम्ही भाचे मंडळी त्याच्या हाताकडे न बघता कानाकडे बघायचो आणि हटकून जिंकायचो. असा माणूस आठ महिने धडधडीत खोटं बोलत राहिला आणि आमच्यापैकी कुणाला पत्ताही लागला नाही. मी शाळामास्तरीण आहे. कुठल्या पोरानं गृहपाठ केला नाही ते मला त्याच्या बसण्यावरून कळतं. पण मामाच्या वेळी माझी अक्कल चरायला गेली होती, हे कबूल करायलाच हवं.

मामाचं गाव पिपरटोला, पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्रभर नाटक. मंडईच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे उतरतात, आणि कुणाकडे किती उतरले याची वर्षभर चर्चा चालते. खोल्या किती, भिंती मातीच्या की विटेच्या, हे कुणी विचारत नाही. मामाचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, बसकं, पण त्याला रस्त्याच्या बाजूनं चाळीस हात लांब सपरी होती. त्या ओसरीवर ओळीनं सतरंज्या पडायच्या आणि तीस-पस्तीस माणसं सहज झोपायची. पाहुण्याच्या पायावर पाणी मामा स्वतः घालायचा. दारात बादली आणि तांब्या घेऊन दुपारपासून उभा असायचा. निकेशनं, म्हणजे त्याच्या मुलानं, एकदा तांब्या हातातून घ्यायला पाहिला तर मामा त्याच्यावर असा खेकसला की पुन्हा कुणी वाटेला गेलं नाही.

आत चुलीपुढे मामी, रुखमाबाई. वडे तळता तळता घामानं निथळलेली, पण तोंड हसरं. मामीची एक खोड होती. घरातून कुणीही जायला निघालं की डोक्यावरचा पदर नीट करून ती दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "मंडईले या बरं. वाट पाहीन." मग तो चैत्र असो की आषाढ. एकदा विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला ती तसं म्हणाली, आणि तो पठ्ठ्या खरंच मंडईला बायको-पोरांसकट हजर झाला. मामीला त्याचं नावही आठवेना. पण त्यालाही वडे मिळाले, सतरंजी मिळाली. पुढे चार वर्षं तो येत होता. आम्ही तिला चिडवायचो की मामी, उद्या वाघ जरी घरामागच्या वाडीतून गेला तरी तू त्याला आवतन देशील. ती म्हणायची, "देईन ना. थो तरी बिचारा कोनाच्या घरी जाईन?"

आणि मंडईला विचारून जायचं नसतं. फोन करून, येऊ का म्हणून, असलं काही नाही. विचारलं तर मामाला राग यायचा.

मामीच्या किडन्या गेल्या ते दोन वर्षांपूर्वी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही चंद्रपूरला. पिपरटोल्याहून पहाटेची बस, परतायला रात्र. चार महिन्यांत तिची दशा बघवेना. निकेश वीज केंद्रात कंत्राटी कामगार, ऊर्जानगरजवळ एका खोलीत बायकोबरोबर राहत होता. मामा-मामी त्याच खोलीत येऊन राहिले. चार माणसं, एक खोली, आणि मामीला घटकेघटकेला पडून राहावं लागायचं. निकेशनं पलीकडच्या वस्तीत एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर घर बांधायचं ठरलं. त्यासाठी मामानं पिपरटोल्याचं घर विकलं. शेत विकलं असतं तर खायचं काय, म्हणून घर. घेणारा अजय, जिवतीकडचा तरुण. त्याला वाडीत धान भरडायची चक्की टाकायची होती आणि मामाची वाडी मोठी होती.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की घरात भाडेकरू ठेवला. मामानं अजयला एकच अट घातली होती. बायको आहे तोवर हे घर भाड्यानं दिलं असंच म्हणायचं, गावातही आणि बाहेरही. अजयनं ते पाळलं. निकेशला आणि सुनेला मामानं शपथ घातली होती. कारण डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या मामी एकच बोलायची, "बरी झाली का मंडईच्या आंधी घरी जाऊ." डॉक्टरांनी मामाला बाहेर बोलावून काय ते सांगून ठेवलं होतं. अशा बाईला घर विकलं म्हणून कुणी सांगावं?

ताबा द्यायच्या दिवशी मामा एकटा गावी गेला आणि येताना टोपलीत घरचे देव घेऊन आला, लाल फडक्यात गुंडाळलेले. मामी खाटेवर उठून बसली.

"देव काऊन आनले?"

"भाडेकरू लोक. दिवा लावतीन, नाई लावतीन. म्हून आनले."

मामीनं टोपली मांडीवर घेतली. बराच वेळ फडक्याची गाठ चाचपत राहिली, सोडली मात्र नाही. मग "बरं केलं" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

त्या दिवसापासून मामा कानावरून दुपट्टा बांधायला लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच बांधतात, पण मामा घरातही सोडेना. मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "राखड उडते ना बाई इथी, कानात जाते." वीज केंद्राच्या भागात राख उडते हे खरंच. मी विश्वास ठेवला.

नव्या घराचं काम उन्हाळ्यात सुरू झालं. जलालुद्दीन मिस्त्री कामावर होता, वयानं मामाच्या बरोबरीचा, बोलायला मोकळा. मामा सकाळी सात वाजता तिथे जायचा, नळी धरून विटांवर पाणी मारायचा आणि दिवसभर मिस्त्रीशी वाद घालायचा. वाद एकाच गोष्टीचा. मामाला पुढे सपरी हवी होती.

"भाऊ, तुमी घर बांधून राह्यले का धरमशाला?" मिस्त्री म्हणायचा.

"पाव्हने कुठी झोपतीन?"

यावर निकेश वैतागायचा. "बाबा, इथी पाव्हने झोपाले येत नाई. येतेत, चहा पेतेत, जातेत. मले गाडी ठेवाले जागा पायजे." शेवटी चार फूट रुंदीची पडवी निघाली. तीत दोन माणसं पाय आखडून झोपली असती आणि तिसऱ्याला मोटारसायकलीवर झोपावं लागलं असतं. मामानं ती पडवी रोज झाडली. संध्याकाळी राखेचा थर बसायचा, सकाळी पुन्हा झाडायचा.

घरी आला की मामी त्याला पिपरटोल्याची खबर विचारायची. आठवड्यातून एकदा तो शेताकडे जाऊन यायचा, त्यामुळे खबर आणणं भाग होतं. सीताफळाला फळ धरलं का, कवेलू फेरले का, विहिरीचा रहाट करकरतो का अजून. मामा सगळं सांगायचा. फळ धरलं, पण वानरं ठेवत नाहीत. कवेलू फेरले, दोन कोपरे राहिले. रहाटाला तेल घातलं. वास्तविक सीताफळाच्या जागी चक्कीचा पाया पडला होता आणि विहिरीवर मोटार बसली होती. मामी ऐकायची, हसायची आणि आणखी विचारायची. मी एकदा तिथेच होते. मामा रंगात येऊन सांगत होता आणि मला वाटलं, किती दिवसांनी हा माणूस खुलला.

दसऱ्याला घरभरणी झाली. नवीन रंगाच्या वासात आम्ही सगळे जेवलो. मामीला दारात खुर्चीवर बसवलं होतं. पाय सुजलेले, हातावर सुयांचे काळे डाग, पण नवं लुगडं नेसून ती बसली होती. जाणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून ती म्हणत होती, "मंडईले या बरं. वाट पाहीन."

माझ्या आईचं, म्हणजे सीताबाईचं, आणि मामीचं नातं नणंद-भावजयीचं कमी आणि मैत्रिणींचं जास्त. आईचा हात मामी सोडेचना. आई म्हणाली, "येतो ना वहिनी. तू बरी हो आंधी." मी मामाकडे पाहिलं. तो पाठमोरा उभा राहून मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालत होता. त्या रचून झाल्या, तर त्यानं पुन्हा काढल्या आणि पुन्हा रचल्या. दुपट्टा कानावर घट्ट होता.

कार्तिकात मामी गेली. नव्या घरात ती सव्वा महिना राहिली.

तेरवीला मामा सगळं सांगणार होता. आता लपवायचं कुणासाठी? पण त्यानं तोंड उघडायच्या आधीच आई डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, मी मंडईले येतो. वहिनीनं हात धरून आवतन देल्लं मले. थे मोडलं तं तिचा जीव घुटमळन." मागून आणखी चौघी-पाच जणींनी तेच म्हटलं. प्रत्येकीला मामीनं हात धरून सांगितलं होतं. मामानं मान खाली घातली आणि सांगायचं ते राहूनच गेलं. तिथेच बोलून टाकायचं की नाही? पण अब्रूला जपणारी माणसं अशीच. आधी घर जातं, मग घर गेलं हे सांगायची लाज.

त्या वर्षी मंडई पौषात होती. मी आणि आई दुपारी बाराच्या सुमारास पोचलो. पूर्वी फाट्यावर बसमधून उतरून दोन किलोमीटर चालावं लागायचं. आता नदीकडून सिमेंटचा रस्ता झालाय आणि जीप थेट गावात येते. अंगणात सडा घातलेला होता. सपरी सारवलेली, सतरंज्या ओळीनं. दहा-बारा पाहुणे आमच्याआधी येऊन टेकले होते. दारात एक तरुण बाई बादली-तांब्या घेऊन उभी होती. वाकून तिनं आईच्या पायावर पाणी घातलं. तिला सवय नव्हती, अर्धं पाणी माझ्या चपलांवर गेलं.

"तू भाडेकरीन का वो?" आईनं विचारलं.

"मी उर्वशी, अजयची बायको," ती म्हणाली. "आत या ना."

"भाऊ कुठी गेला?"

"बाबा येतील. तुम्ही आधी जेवून घ्या. सगळ्यांनी जेवूनच घ्या."

वडे थोडे कडक झाले होते, कोंबडीचा रस्सा जरा जास्तच तिखट. पण होतं सगळं. जेवणं आटपत आली तशी आई अस्वस्थ झाली. मंडईच्या दिवशी मामा दारात नाही, हे तिनं साठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

मामा त्या वेळी फाट्यावर होता. सकाळी सातपासून. आम्ही बसमधून उतरलो की तिथेच अडवायचं, फाट्यावरच्या खानावळीत जेवू घालायचं, मग घर विकलं ते सांगायचं आणि तिथूनच परत पाठवायचं, असा त्याचा बेत होता. खानावळवाल्याला तीस ताटं सांगून ठेवली होती. तो स्वतः अजून बसनंच यायचा, पण बसनं आता दुसरं कोण येतं? एकामागून एक बस आली, त्यातून अनोळखी माणसं उतरली, आणि आम्ही सगळे दुसऱ्या रस्त्यानं त्याच्या मागे जाऊन पोचलो. अजय शोधत गेला तेव्हा मामा रिकाम्या बाकांमध्ये उभा होता आणि खानावळवाला त्याला म्हणत होता, "काका, भाताचं काय करू?"

अजयच्या मोटारसायकलीवर मागे बसून मामा आपल्या दारात आला. उतरला आणि अंगणातच थांबला. सपरीवर सगळी त्याची माणसं, पान खात, पाय पसरून बसलेली. उर्वशी तांब्या घेऊन पुढे झाली आणि वाकून त्याच्या पायावर पाणी घालू लागली. मामानं पाय मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला. त्या दारात त्याच्या पायावर कुणी पाणी घालायची ती पहिलीच वेळ होती.

"सीता," मामा म्हणाला, "घर इकलं मी. शिमग्यातच इकलं."

मग आई उठली. माझी आई रागावली की वय विसरते.

"अन् वहिनीले? वहिनीले तरी सांगतलं का?"

"नाई."

"थे बिचारी मरेपावतर लोकाईले घरी बलावत राह्यली, अन् तू उभा राहून आयकत राह्यला? तुले काहीच वाटलं नाई, भाऊ?"

मामा उभाच होता. मी आईला आवरायला हवं होतं, पण खरं सांगते, मलाही तेव्हा त्याचा तितकाच राग आला होता.

"त्यांना ठाऊक होतं," उर्वशी म्हणाली.

तिच्या हातात अजून तांब्या होता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं तशी ती गडबडली, पण बोलत राहिली. पोळ्याच्या आसपास ती आणि अजय नव्या घराचं काम बघायला म्हणून चंद्रपूरला गेले होते. माणसं बांधकामावर गेली आणि ही खोलीत मामीजवळ बसली. मामीनं तिला सरळ विचारलं, "घर घेतलं ना वो तुमी?" उर्वशीला खोटं बोलवलं नाही.

"मला म्हणाल्या, देव आणले तेव्हाच कळलं. भाड्याच्या घरातले देव कुणी हलवत नाही. वर यांचा कान लाल झालेला. नंतर कान झाकायला लागले, तेव्हा तर पक्कंच झालं. म्हणाल्या, मंडईला माझे पाहुणे येतील, वीसेक असतील, त्यांना काही माहीत नसणार. एवढी एक मंडई सांभाळून घे, पोरी. आमच्या जिवतीकडं ही रीत नाही हो. मला काहीच येत नव्हतं. वड्याचं पीठ कसं भिजवायचं तेसुद्धा त्यांनी झोपल्या झोपल्या सांगितलं. पायावर पाणी घालायचं ते सांगितलं. आणि म्हणाल्या, जेवण होईतो कुणाला बोलू नको, नाहीतर उपाशी उठून जातील."

मामा सपरीच्या पायरीवर बसला.

"मंग मले विचारे काऊन?" तो म्हणाला. कुणाला विचारत होता कोण जाणे. "सीताफळाचं विचारे. रहाटाचं विचारे. माहीत होतं तं काऊन विचारे?"

उर्वशी त्याच्याजवळ खाली बसली. "मीपण हेच म्हटलं त्यांना. तर म्हणाल्या, सांगताना त्यांचा चेहरा घरी जाऊन आल्यासारखा होतो. तेवढं तरी होऊ दे. मला माहीत आहे ते त्यांना कळू देऊ नको."

मामानं कानावरचा दुपट्टा ओढून काढला आणि तोंडावर धरला. सत्तरीला टेकलेला माणूस चारचौघांत हुंदके देऊन रडायला लागला. आई त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसली. थोड्या वेळानं दुपट्ट्यातून त्याचा आवाज आला.

"आठ महिने एका छपराखाली होतो, सीता. थे मले पाहे, मी तिले पाहो. एक डाव तं दोघं मिळून रडलो असतो ना घरासाठी."

माझा त्याच्यावरचा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याची जागा कशानं भरायची ते कळेना. आम्ही तिला भोळी समजायचो. मीटर वाचणाऱ्याला आवतन देते म्हणून हसायचो. ती सुया टोचलेल्या हातांनी आमचे हात धरून बोलावत होती, तेव्हा तिला माहीत होतं की घर नाही, आणि मंडईपर्यंत आपणही नाही. तरी आम्ही यावं असं तिला वाटत होतं, कारण आम्ही आलो तरच मामाला इथे यावं लागणार होतं. तो एकटा राखेची पडवी झाडत बसेल हे तिनं ओळखलं होतं. हा माझा अंदाज आहे. तिला विचारायची सोय राहिली नाही.

नाटकाला त्या वर्षी कुणी थांबलं नाही. भोंग्यावर नटनट्यांची नावं पुकारत होते तेव्हा आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. मामा एकदा वाडीत जाऊन आला. चक्की पाहिली, मोटार पाहिली, अजयला म्हणाला, "पट्टा ढिला हाय, आवळून घे." चुलीच्या घरात मात्र तो गेला नाही, दारातूनच परतला.

ऊन उतरल्यावर जीप आली. पाहुणे चढले. मामाही आमच्याबरोबर निघाला. तो अंगण ओलांडत होता आणि मागून उर्वशी घाईनं आली. डोक्यावर पदर घ्यायची तिला सवय नसावी. तो घसरला, तिनं पुन्हा ओढला आणि शिकवल्यासारखं म्हणाली,

"मंडईला या बरं, बाबा. वाट पाहीन."

हे वाक्य मामानं आयुष्यभर आतल्या बाजूनं ऐकलं होतं. त्याला उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तो वळला. दुपट्टा खांद्यावर ओला होऊन लोंबत होता.

"येतो ना," मामा म्हणाला. "येईन पुढच्या वर्षी. नक्की येईन."

मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याचा डावा कान लालभडक झाला होता.